आमदारकीचं वय आणि व्हिस्कीचं वय

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातला मुलगा अठरा वर्षांचा झाला की मतदार होतो, मोटार चालवण्याचा परवाना काढतो, स्वतःच्या सहीने करारमदार करतो. एकविसाव्या वर्षी त्याला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहता येतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे त्याच वर्षी त्याला सौम्य बिअर आणि वाइन घ्यायची मुभा मिळते. पंचविसाव्या वर्षी तो विधानसभेसाठी अर्ज भरू शकतो, आणि व्हिस्की, रम, ब्रँडी, देशी यांचं दारही त्याला त्याच वाढदिवशी उघडतं. थोडक्यात, बिअर प्यायला पंचायत सदस्याइतकं आणि व्हिस्की प्यायला आमदाराइतकं वय लागतं. हे कोणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही. पण मधल्या काळातला, म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा सरपंच गावाचा कारभार हाकू शकतो, लग्न करून बापही होऊ शकतो, फक्त ग्लासात रम ओतून घेऊ शकत नाही, ही गंमत मात्र खरी आहे.

या आकड्यांच्या मागे गेलं की त्याहून मोठं नवल समोर येतं. आपण समजतो की महाराष्ट्रात दारू पिणं कायदेशीर आहे आणि फक्त लहान वयाच्यांना बंदी आहे. कायदा मात्र नेमका उलटा लिहिलेला आहे. बंदी सर्वांना आहे, आजोबांनासुद्धा. त्या बंदीतून सूट मिळवण्यासाठी परवाना लागतो आणि त्या परवान्याला वयाची अट आहे. म्हणजे पंचवीस हे दारू पिण्याचं वय नाही, दारूबंदीतून सुटण्याचं वय आहे. रत्नागिरीतलं मारुती मंदिर असो की साळवी स्टॉप, बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ते याच कारणाने. ज्याच्या खिशात परवाना आहे त्याने बसायची ती जागा. आत बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवू.

हा कायदा आणणाऱ्या सरकारचे मुख्यमंत्री रत्नागिरीतच जन्मलेले होते. बाळ गंगाधर खेर, जन्म २४ ऑगस्ट १८८८. मुंबई प्रांताचे दुसरे पंतप्रधान आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री. खेरांच्या पहिल्याच मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू करून पाहिली होती. त्या वेळी अबकारी खातं होतं डॉ. मंचेरशा गिल्डर या पारशी हृदयरोगतज्ज्ञाकडे, आणि शहरातल्या दारूच्या धंद्यात पारशी मंडळी पुष्कळ. त्या गृहस्थांना आपल्याच समाजाचा केवढा रोष पत्करावा लागला असेल! काही महिन्यांत महायुद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. पुन्हा सत्तेवर आल्यावर खेरांच्या सरकारने १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम केला. तो १६ जून १९४९ पासून अमलात आला. रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांनीही १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन करणाऱ्यांना पाठबळ दिलं होतं. माडांच्या आणि माडीच्या या किनाऱ्याने राज्याला दारूविरोधाचे दोन मोठे पुढारी दिले, याचं मला कायम कौतुक वाटत आलं आहे.

कायदा आला आणि फ्रामजी नसरवानजी बलसारा नावाचे गृहस्थ थेट न्यायालयात गेले. त्यांची मागणी मोठी मजेदार होती. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर बाळगायचा आणि प्यायचा हक्क तर त्यांना हवाच होता, शिवाय औषधी वाइन आणि ओ-द-कोलोनसुद्धा. अल्कोहोल असलेला प्रत्येक पदार्थ ‘मद्य’ या व्याख्येत बसला की रुमालावरचं अत्तरही गुन्ह्यात जमा, असा त्यांचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. पिण्याच्या दारूवरची बंदी टिकली, पण अल्कोहोलयुक्त औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी उडाली. आपल्या घरातलं खोकल्याचं औषध आणि दाढीनंतरचं लोशन सुखाने नांदतं आहे, त्यात बलसारांचा वाटा आहे.

साठच्या दशकात महाराष्ट्राने ही बंदी सैल करायला घेतली, पुढे १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले, दुकानं उघडली, महसूल वाहू लागला. मूळ कायदा मात्र रद्द झाला नाही. दार तसंच बंद ठेवून त्याला एक खिडकी पाडली, आणि त्या खिडकीचं नाव परवाना. एक दिवसाचा परवाना कित्येक वर्षं विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना आणि देशीसाठी दोन रुपयांना मिळत आला. वर्षाचा शंभर रुपयांना, आणि हजार रुपये भरले की आजन्म. आजन्म दारू पिण्याचा सरकारी दाखला ही वस्तू जगात फार ठिकाणी मिळत नसावी.

याच कायद्याच्या दुसऱ्या वारसाकडे बघितलं तर चक्रावायला होतं. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची फाळणी झाली आणि १९४९ चा अधिनियम दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्राने खिडकी मोठी केली, गुजरातने जवळजवळ बंदच ठेवली. तिथे रहिवाशाला प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळतो, पण त्यासाठी वयाची चाळिशी ओलांडलेली असावी लागते. आणि मग वयाप्रमाणे कोटा वाढत जातो: चाळीस ते पन्नासला महिन्याला ३ युनिट, पन्नास ते पासष्टला ४, पासष्टच्या पुढे ५. जसजसे केस पिकतील तसतशी बाटली वाढेल. एकाच आईच्या पोटची ही दोन भावंडं. डहाणूच्या तिशीतल्या माणसाला जे चालतं, ते पलीकडच्या उंबरगावच्या त्याच वयाच्या मेहुण्याला चालत नाही.

उलट्या दिशेला जाऊ. रत्नागिरी स्थानकावर मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला बाहेर बिअरसुद्धा मना आहे. गाडी राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी करत दक्षिणेला निघते. मडुरं मागे पडलं, पेडणं आलं, की गोवा. तिथे वयाची अट अठरा. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता, खेरांचा कायदा तिथे कधी पोचलाच नाही. मुलगा तोच, त्याचं यकृत तेच, मेंदू तोच. बदलली ती फक्त राज्याची हद्द, आणि काल मना असलेली फेणी आज कायदेशीर झाली. परतीच्या वाटेवर इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क खात्याचे लोक गाड्यांच्या डिक्या का उघडायला लावतात, हे यातून कळेल, जरी तिथे वयापेक्षा कराचा हिशेब जास्त असतो.

बाहेरचं जग काही वेगळं शहाणपण दाखवत नाही. अमेरिकेत अठराव्या वर्षी सैन्यात बंदूक मिळते, बिअरला एकवीस पूर्ण लागतात. १९८४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं, वय एकवीस करा नाहीतर महामार्गांच्या निधीत कपात. झाली सगळी राज्यं एका रांगेत. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर आणि वाइन, अठराव्या वर्षी बाकीचं, आणि आईवडील सोबत असतील तर चौदाव्या वर्षीही बिअर. इंग्लंडमध्ये अठराशिवाय पबमध्ये विकत मिळत नाही, पण सोळा-सतरा वर्षांच्याला मोठ्या माणसाबरोबर जेवताना टेबलावर बिअर, वाइन किंवा सायडर चालते. जपानमध्ये वीस. म्हणजे माणूस नक्की कधी पिकतो, यावर जगाचं एकमत चौदापासून पंचवीसपर्यंत पसरलेलं आहे, आणि सर्वांत कडक टोकावर आपण उभे आहोत.

आता कोकणात एक पेय असं आहे की तिथे कायद्याला पिणाऱ्याआधी पेयाचंच वय मोजावं लागतं. माडावर चढणारा भंडारी पोयीला, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याला, बारीक काप देतो आणि खाली मडकं बांधतो. मडक्याला आतून चुना फासलेला असेल आणि रस पहाटे गार असतानाच उतरवला असेल, तर ती नीरा. गोड, धुरकट पांढरी, पोराटोरांनी प्यावी अशी. चुना नसेल तर रस मडक्यात पडतापडताच आंबायला सुरुवात होते. हवेतलं, सालीवरचं, माश्यांच्या पायांवरचं यीस्ट साखरेवर तुटून पडतं. ऊन चढेपर्यंत फेस येतो, आणि दुपारपर्यंत ती माडी झालेली असते, सौम्य बिअरच्या तोडीची. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवली तर अल्कोहोलचं आम्ल होऊ लागतं आणि तिचा शिरका होतो, जो माशांच्या कालवणात घालावा. एकाच झाडाचा एकच रस. सकाळी नातवाचा, दुपारी आजोबांचा, दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचा. मधे फरक आहे तो चिमूटभर चुन्याचा आणि काही तासांचा. दारूबंदीच्या कायद्यात नीरा आणि ताडी यांची वेगवेगळी व्याख्या करावी लागली ती यामुळे. सरकारची नजर या झाडांवर फार जुनी आहे. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा, आणि त्याने माड-ताड छेदण्यावरच कर आणि परवाने बसवले.

मुलांना अल्कोहोलपासून दूर ठेवावं हा विचार आपल्याला सनातन वाटतो. तसा तो नाही. विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला जे ग्राइप वॉटर काढलं, त्यात साडेतीन टक्क्यांच्या वर अल्कोहोल होतं. बाळं रडायची थांबायची, यात आश्चर्य ते काय! ते पाणी साम्राज्यभर गेलं, आपल्याकडच्या पाळण्यांपर्यंत आलं. अल्कोहोल त्यातून हद्दपार झालं ते फार उशिरा, गेल्या शतकाच्या शेवटीशेवटी. आणि आपल्याकडे पावसाळ्यात पोराची छाती भरली की ब्रँडी चोळणाऱ्या, वर चमचाभर पाजणाऱ्या घरांची गणती करू नये हेच बरं. फ्रान्सने चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या जेवणात वाइन देणं बंद केलं ते १९५६ मध्ये. त्या वेळी आपल्या मुंबई राज्यात मुलांचं सोडा, त्यांच्या हेडमास्तरांनाही बंदी होती.

पंचविसाच्या आकड्याला शरीरशास्त्राचा आधार आहे का? नियम करणाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा समोर ठेवून आकडा ठरवला असं नाही. पण शास्त्राने मागाहून त्याला थोडा टेकू दिला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे मेंदू वर्षानुवर्षं एमआरआयखाली पाहिले. १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं की मेंदूची बांधणी बालपणात संपत नाही. कपाळामागचा जो भाग लगाम घालतो, ‘जरा थांब’ म्हणतो, तो सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत पिकत राहतो. पंचविसाव्या वाढदिवसाला काही खटका पडत नाही, पण साधारण वेळ तीच.

याहून थक्क करणारी गोष्ट उंदरांनी सांगितली. पौगंडावस्थेतल्या उंदरांना आणि प्रौढ उंदरांना वजनाच्या प्रमाणात सारखं अल्कोहोल दिलं, तर तरुण उंदीर कमी झोपाळतात, कमी झोकांड्या खातात. स्मरण आणि शिकणं यांचा मात्र त्यांच्यात प्रौढांपेक्षा जास्त बोजवारा उडतो. माणसाच्या मुलांवर असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. तरी त्यातला धोका स्पष्ट आहे. मोठ्या माणसाला दारू स्वतःच आडवं पाडते, ‘बस आता’ असं सांगते. पोराला ती तसं सांगत नाही. ‘मला काही चढत नाही’ असं सतरा वर्षांचा मुलगा छातीठोकपणे म्हणतो तेव्हा तो कदाचित खोटं बोलत नसतो. तीच अडचण आहे.

कागदावर एवढं सगळं आहे. जागेवर काय दिसतं? कोकणातली खास संस्था म्हणजे ‘फॅमिली रेस्टॉरंट व बार’. आत शिरलं की एका बाजूला सुरमई थाळी, सोलकढी, खुर्चीवर उभं राहून पापड मोडणारं पोर, आणि दुसऱ्या बाजूला काळ्या काचेचं किंवा पडद्याचं दार. दाराच्या पलीकडे परमिट रूम. कुटुंब आणि दारू यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत. मला ही रचना कित्येक आलिशान पबांपेक्षा प्रामाणिक वाटते. भिंत आहे, ती दिसते आणि ती का आहे हे पोरालाही कळतं. पण भिंतीच्या पलीकडे बसलेल्याचं वय कोण बघतं? तो वेटर, जो पगाराबरोबर टिपवर जगतो, आणि ज्याच्यासमोर चार मिसरूड फुटलेली, महागडे मोबाइल टेबलावर टाकलेली पोरं बसलेली आहेत. आधार कार्ड मागावं तर गिऱ्हाईक उठून शेजारच्या बारमध्ये जाणार. राज्याचा सगळा दारूबंदी अधिनियम शेवटी या माणसाच्या एका प्रश्नावर टांगलेला आहे, ‘वय किती रे तुझं?’

तो प्रश्न विचारला गेला नाही तर काय होतं ते १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दिसलं. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याआधी त्याला दोन ठिकाणी मद्य दिलं गेलं, असा पोलिसांचा आरोप. जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून देशभर संताप उसळला, पण त्या गदारोळात एक महत्त्वाची गोष्ट मागे पडली. गुन्हा नोंदवताना वापरलेली कलमं दारूबंदी कायद्यापुरती नव्हती. बाल न्याय अधिनियम, २०१५ ची ७५ आणि ७७ ही कलमंही लावली गेली, वडिलांवर आणि मद्य देणाऱ्या ठिकाणच्या लोकांवर.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच वरळीत एका महिलेचा मोटारीखाली मृत्यू झाला. आरोपी अठरा ओलांडलेला होता, पण पंचविशी त्याने गाठलेली नव्हती. त्याला मद्य दिल्याबद्दल उत्पादन शुल्क खात्याने बारवर कारवाई केली, आणि व्हिस्कीला पंचवीस लागतात ही बातमी मुंबईतल्या अनेक सुशिक्षितांना तेव्हा पहिल्यांदा कळली. खरं तर २०११ मध्येच राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणाच्या वेळी हा आकडा गाजला होता. अभिनेता इम्रान खान तेव्हा त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते. आपल्याकडे नियम दर दहा-बारा वर्षांनी नव्याने शोधून काढावे लागतात.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की कायद्याचे दोन मजले दिसतात. अठरा ते पंचवीस या वयात व्हिस्की-रम देणं हा परवान्याच्या नियमांचा भंग आहे. त्यात दंड होईल, बारचा परवाना जाईल. पंचवीस जास्त आहे की बरोबर, यावर वाद घालता येतो. मला स्वतःला एकवीस पुरेसं वाटतं. जो नियम कोणीच पाळत नाही तो इतर नियमांचीही पत घालवतो. अठराच्या खाली मात्र वाद संपतो. तिथे कलम ७७ सांगतं की नोंदणीकृत डॉक्टरने सांगितल्याशिवाय मुलाला मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. यात ‘बारमालक’ असा शब्द नाही. देणारा कोणीही असो. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे भाच्याच्या हातात ‘घे, एक घोट’ म्हणून ग्लास देणारा मामासुद्धा त्यात येतो.

आणि पुढचं कलम ७८. मुलाकडून दारूची विक्री, वाहतूक, पुरवठा करून घेणाऱ्यालाही तीच शिक्षा, सात वर्षं आणि एक लाख. रविवारी दुपारी, मटण शिजत असताना, बारा वर्षांच्या पोराच्या हातात पाचशेची नोट आणि कापडी पिशवी देऊन ‘कोपऱ्यावरच्या काकांकडून तेवढं घेऊन ये, त्यांना माहीत आहे’ असं सांगितलं जातं. रत्नागिरीत सांगितलं जातं, चिपळुणात आणि दादरलाही सांगितलं जातं. त्यातलं प्रत्येक घर स्वतःला सभ्यच समजतं. पोराने थेंबही चाखलेला नसला तरी त्याला बाटली आणायला लावणं हे या कलमाच्या कक्षेत येतं. तेव्हा बाटली हवीच असेल, तर चपला घाला आणि स्वतः जा.